गुरुवारी भोसरी बंद असते

फंडवाल्यांशी होणाऱ्या पहिल्या कॉलमध्ये साधारण विसाव्या मिनिटाला तो प्रश्न यायचा. प्रॉडक्ट दाखवून झालेलं असायचं, आकडे सांगून झालेले असायचे, आणि मग समोरचा जरा मागे रेलून विचारायचा, "आणि बंगलोरला कधी शिफ्ट होताय?" होताय का, असं नाही. कधी.

ऑगस्ट २०२३ ते मे २०२४ असे दहा महिने मी आमच्या छोट्या कंपनीसाठी पैसे उभे करत हिंडत होते. त्या काळात पुण्यात राहण्याचे तोटे, मराठी माणूस आणि धंदा, भारतीय मानसिकता अशा विषयांवर मला इतकं ऐकायला मिळालं, की आता माझ्याकडचंही थोडं सांगते.

आधी कंपनी काय करते ते. भोसरीत, तळवड्यात, चाकणच्या बाजूला छोटी मशीन शॉप्स आहेत. कॉम्प्युटरवर चालणारी दोन सीएनसी आणि एखादी व्हीएमसी मशीन, चार जुनी लेथ, पंधरा-वीस माणसं. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतं, इथे टर्निंग होतं, ग्राइंडिंगला दुसरीकडे जातं, प्लेटिंगला तिसरीकडे. माल चलनावर, म्हणजे मालासोबतच्या चिठ्ठीवर, फिरतो. दोनशे नग गेले, एकशे ब्याण्णव आले, आठ कुठे? रिजेक्ट झाले, प्लेटरकडे राहिले, की चलनच हरवलं? जीएसटीच्या नियमाप्रमाणे जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो. नाही आला, तर पाठवला त्याच दिवशी तो विकला असं धरतात. पाठवणाऱ्याला त्याचा हिशोब आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये द्यावा लागतो. प्रत्यक्षात हा हिशोब सुपरवायझरच्या डायरीत आणि मालकाच्या डोक्यात असतो. तो टॅबलेटवर आणायचा, हा आमचा धंदा. महिना अडीच हजार रुपये. मी हिंजवडीत अकरा वर्षं नोकरी करून २०२० मध्ये बाहेर पडले. माझ्या पार्टनरच्या घरचंच वर्कशॉप, त्यामुळे 'बोअर' आणि 'बोअरिंग' यातला फरक त्याला कळतो. मला तोही शिकावा लागला.

पैसे शोधायला निघण्याच्या आदल्या महिन्यात एक प्रकार घडला. भोसरीतल्या एका शॉपमध्ये आमचं अ‍ॅप चार महिने चालू होतं. मालक वडिलांच्या वयाचे, आम्ही त्यांना काका म्हणतो. दर भेटीत म्हणायचे, "एकदम मस्त चाललंय." सुपरवायझरही म्हणायचा, "वापरतोय की, मॅडम." सर्व्हरवर रोजच्या नोंदी दिसत होत्या. आम्ही खूश.

जुलैत एका संध्याकाळी मी तिथे पावसात अडकले. रिक्षा मिळेना, म्हणून पॅकिंगच्या टेबलाशी बसून राहिले. सहा वाजता सुपरवायझरने कपाटातून टॅबलेट काढला. तो प्लास्टिकच्या पिशवीत होता, वर दोन रबरबँड. मग त्याने डायरी उघडली आणि दिवसभराच्या नोंदी एकेक करून टॅबलेटवर चढवायला लागला. एक नोंद झाली की डायरीत शिसपेन्सिलीने टिक. अशा बावीस. सर्व्हरवर वेळा संध्याकाळच्याच पडत होत्या, पण आम्ही फक्त नोंदींची संख्या बघत होतो, वेळ कुणीच बघितली नव्हती.

"दादा, माल गेटबाहेर जातो तेव्हाच का नाही टाकत?"

त्याने दोन्ही पंजे पुढे केले. कूलंट आणि तेलाने काळे-चिकट. "याला बोटंच लागत नाहीत, मॅडम. आणि धुवून येईपर्यंत टेम्पो जातो."

"मग चार महिने बोलला का नाहीत?"

"काकांनी एवढे पैसे भरलेत. मी कसं सांगू, नाही चालत म्हणून?"

त्या रात्री आम्ही अर्धं अ‍ॅप कापून टाकलं. पुढच्या आठवड्यात गेटवर एका खांबाला जुना मोबाइल पक्का बांधला, खाली एकच मोठं बटण, कोपराने दाबलं तरी चालेल असं. टेम्पो निघताना चलन त्याच्यासमोर धरायचं, फोटो निघतो, बाकी वाचायचं काम आमचं. डायरी त्याची त्याला ठेवू दिली. हे आम्हाला कुठल्या कॉलवर, कुठल्या सर्व्हेत कळलं असतं? सर्व्हेत त्याने "समाधानी" वरच टिक केली असती.

सप्टेंबरात मी बंगलोरला गेले. ८४० किलोमीटर, रात्रीची बस, एचएसआर लेआउटमध्ये मैत्रिणीच्या फ्लॅटवर एक खोली. पार्टनर पुण्यातच राहिला. ठरलं असं की तीन महिने करून बघू.

बंगलोरचं काय खरं आणि काय हवेतलं, तर पैसे तिथे जवळ असतात हे खरं. पुण्यात एका फंडवाल्याची भेट मिळायला मला तीन आठवडे लागले होते. तिथे नाश्त्याला डोसा खाताना शेजारच्या टेबलावरच्याशी ओळख झाली आणि दुपारी त्याने दोन जणांना मेसेज टाकला. त्यातल्याच एकाकडून पुढे पैसे आले. पण मला जास्त जाणवलं ते वेगळंच. तिथे एकदा कंपनी बुडवलेली माणसं सहज भेटतात, आणि बुडाली कशी ते चहाच्या आधी सांगतात. त्यांपैकी एकाने, मूळ दिल्लीचा, माझा कॉल शेजारी बसून ऐकला. आम्ही चार कोटी मागायचं ठरवलं होतं. मी चार म्हटलं, समोर दोन सेकंद शांतता झाली, आणि मीच पुढे म्हटलं, "म्हणजे, अडीच-तीनसुद्धा चालतील." कॉल संपल्यावर तो म्हणाला, समोरच्याने काहीच मागितलं नव्हतं, दीड कोटी तू स्वतःच स्वतःला कमी केलेस. माझ्या आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बरोबर केलंस, अंथरूण पाहूनच पाय पसरावेत. भीड म्हणतात ती हीच, आणि ती घेऊन मी ८४० किलोमीटर गेले होते.

पुण्यातला पैसाही मी शोधला होता, ते सांगायला हवं. इथे पैसा नाही असं नाही, पण तो मशीन ओळखतो. आमच्या ओळखीतल्या एका उद्योजकांकडे पन्नास लाख मागायला गेलो तेव्हा त्यांनी अगदी आपुलकीने विचारलं, "मशीन कुठलं घेताय?" पार्टनर म्हणाला, मशीन नाही, चार इंजिनियर घ्यायचेत. त्यांचा चेहरा उतरला. इंजिनियर वर्षाने सोडून जातो, मशीन जात नाही. पार्टनरच्या वडिलांना १९८६ मध्ये बँकेने लेथवर कर्ज दिलं होतं, तेच लेथ तारण. आम्ही काय तारण ठेवणार, सर्व्हरचा पासवर्ड? तरी त्यांनी शेवटी दहा लाख घातले. मुलगा ओळखीचा म्हणून.

एका फंडातल्या तरुण विश्लेषकाने आमच्या प्रेझेंटेशनवर शेरा लिहिला की भारतीय लघुउद्योजक सॉफ्टवेअरला पैसे देत नाहीत, हा संस्कृतीचा प्रश्न आहे, आणि सोबत हॉफस्टेडचे आकडे पाठवले. रात्री बसून मी ते वाचले. गेर्ट हॉफस्टेड नावाच्या डच संशोधकाने १९६७ ते १९७३ या काळात देशोदेशीच्या आयबीएम कर्मचाऱ्यांना विचारलेल्या प्रश्नांवरून देशांच्या स्वभावाला गुण दिले. वरच्या-खालच्यातलं अंतर किती मान्य, यात भारत ७७, अमेरिका ४०. हे वाचून मला डोळ्यासमोर ते तेलकट पंजे दिसले. "काकांनी पैसे भरलेत, मी कसं सांगू" म्हणजेच ७७. पटलं.

मग पुढचा रकाना. अनिश्चितता किती टाळतात: अमेरिका ४६, भारत ४०. म्हणजे आपण अमेरिकनांपेक्षाही कमी घाबरतो! मी हे आईला फोन करून वाचून दाखवलं. आई तीन वर्षं दर रविवारी विचारत होती की जुन्या कंपनीत परत घेतील का. ती म्हणाली, "त्यांनी मला विचारलं नसणार." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जपानचा हाच आकडा ९२, सगळ्यांत भित्र्यांपैकी, आणि चाकणच्या प्रत्येक शॉपच्या भिंतीवर फाइव्ह-एस आणि कानबान या कारखान्यातल्या शिस्तीच्या पद्धतींचे जे बोर्ड लागलेत ते तिथूनच आले. आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण आयबीएममध्ये नोकरी करणाऱ्यांना पन्नास वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नांवरून भोसरीतला मालक पैसे देईल का हे ठरवायचं असेल, तर त्यापेक्षा भोसरीत येणं सोपं. मी तसं उत्तर लिहिलंही, फक्त जरा सौम्य शब्दांत. त्या फंडाने नंतर कळवतो म्हटलं. कळवलं नाही. 'कळवतो' ही फक्त आमच्या मालकांची सवय नाही, एवढं कळलं.

दसरा मी बंगलोरलाच काढला. खंडेनवमीला आमच्या बसायच्या जागेच्या मालकांनी सगळ्यांचे लॅपटॉप ओळीने मांडले, कुंकू लावलं, झेंडू घातला आणि दारात कोहळा फोडला. तिथे त्याला आयुधपूजा म्हणतात. त्याच दुपारी काकांच्या सुपरवायझरने मला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. लेथला हार, व्हीएमसीला हार, व्हर्निअरपुढे विडा, आणि गेटच्या खांबावरच्या मोबाइललाही एक छोटी माळ, कॅमेऱ्याच्या काचेवर कुंकवाचा टिळा. दुसऱ्या दिवशी आलेल्या सगळ्या चलनांचे फोटो लाल धूसर. पुसायला सांगितलं, पण मला त्या फोटोचा आनंद सीईओ मंडळींच्या कौतुकापेक्षा जास्त झाला हे कबूल करते. टॅबलेट कपाटात असायचा. हा खांबावरचा फोन अवजारांत बसला होता.

याच काळात पुण्यातल्या एका चांगल्या इंजिनियरला आम्ही घेतलं. त्याच्या जुन्या कंपनीने त्याच्याकडून लिहून घेतलं होतं की सोडल्यावर दोन वर्षं तसल्या क्षेत्रात काम करणार नाही. बिचारा घाबरलेला. शिवाजीनगर कोर्टाजवळच्या वकिलांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर करून सांगितलं, भारतीय करार कायदा १८७२, कलम २७, नोकरी सोडल्यानंतर असलं बंधन चालत नाही. मला गंमत वाटली ती नंतर वाचताना. कॅलिफोर्नियानेही असली बंधनं कायद्याने रद्द ठरवली ती १८७२ मध्येच. सिलिकॉन व्हॅलीत माणसं या कंपनीतून त्या कंपनीत मोकळी फिरतात आणि त्यांच्याबरोबर डोक्यातलं ज्ञानही फिरतं, याचं मोठं श्रेय त्या कलमाला देतात. मग तेच कलम, त्याच वर्षापासून आपल्याकडेही असताना आमचा मुलगा का घाबरला? कायदा बंगलोरला आणि पुण्याला एकच. नोटीसचे नव्वद दिवस दोन्हीकडे. फरक इतकाच की बंगलोरमध्ये त्याच्या बिल्डिंगमधल्या तिघांनी आधीच उडी मारलेली असते आणि ते तिघं रोज लिफ्टमध्ये जिवंत दिसतात. पुण्यात त्याने पहिला प्रश्न विचारला, "इन हॅंड किती?" बंगलोरमध्ये मुलाखतीला आलेल्यांनी विचारलं, "कंपनीत किती टक्के?" स्वभावाचा फरक म्हणून मी हे आधी सगळ्यांना सांगत सुटले होते. पण बंगलोरच्या त्या उमेदवारांपैकी एक सोलापूरचा होता, एक साताऱ्याचा.

इकडे पुण्यात हा विषय निघाला की कुणीतरी इन्फोसिस काढतंच. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली, सुधा मूर्तींच्या दहा हजारांवर, आणि १९८३ मध्ये बंगलोरला गेली. गेली ती गेली. घरातली मुलगी सासरी गेल्यासारखं सांगतात. पण पर्सिस्टंट आणि केपीआयटी या सॉफ्टवेअर कंपन्या दोन्ही १९९० च्या, दोन्ही इथेच वाढल्या. कैलाश काटकरांनी इथे कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि त्यातून अँटीव्हायरसवाली क्विक हील उभी राहिली, २०१६ मध्ये शेअर बाजारात गेली. ड्रुवा २००८ मध्ये पुण्यात निघाली आणि मुख्यालय कॅलिफोर्नियात नेलं, कारण कॉर्पोरेट बॅकअप विकत घेणारं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेत. प्रत्येकाचं गिऱ्हाईक कुठे होतं ते पाहिलं की गेले का आणि राहिले का, हे बरंचसं उलगडतं. आमचं गिऱ्हाईक तर एमआयडीसीचा पत्ता सोडून कुठे जातच नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी आली, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात मोठे कारखाने आले आणि त्यांच्या भोवती ही हजारो शॉप्स. ती काही एचएसआर लेआउटला येणार नाहीत.

आणि झालं तसंच. नोव्हेंबरात पार्टनरचा फोन आला, अकरापैकी तीन शॉप्सनी वापर बंद केलाय. भांडण नाही, तक्रार नाही. "बघू दिवाळीनंतर." तो एकटा अकरा ठिकाणी पोचत नव्हता आणि माझी दर बुधवारची फेरी बंद झाली होती. त्या फेरीत मी फार काही करत नसे. चहा घ्यायचा, चार्जर सैल झालाय का बघायचं, नवीन मुलाला दोन मिनिटं दाखवायचं. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत असल्या कामाचं मोल शून्य, कारण ते वाढवता येत नाही. मी दोन दिवसांत परतले.

उलट अनुभवही सांगते, नाहीतर वाटेल भारतीय लोकांना फक्त चहा लागतो. चाकणला एका जर्मन कंपनीच्या खरेदी विभागात पार्टनर आणि मी गेलो होतो. अधिकारी जर्मन. पंचविसाव्या मिनिटाला म्हणाला, हे तुमचं आम्हाला नको, कारण आमच्या एसएपी सॉफ्टवेअरमध्ये ते आहे. पण आमच्या सात सप्लायर्सना हवंय, ही यादी, आणि ट्रायलचं बिल मला पाठवा. बिल एकोणतिसाव्या दिवशी जमा. इतकं स्पष्ट 'नाही' ऐकून मला पार्किंगमध्ये अक्षरशः हलकं वाटलं. आपल्याकडच्या एका पार्टीकडे त्याच वेळी आमचे पाच महिन्यांचे पैसे अडकले होते. ते सुटले मार्च २०२४ मध्ये, आणि तेही स्वभाव बदलून नव्हे. छोट्या उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही, असं आयकराचं नवं कलम त्या वर्षी पहिल्यांदा लागू झालं. अचानक त्यांच्या अकाउंट्समधून फोन, "ताई, तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा ना लगेच." म्हणजे छोटा उद्योग असल्याचा दाखला. वर्षानुवर्षांची 'संस्कृती' एकतीस मार्चच्या आत बदलली.

आता गुरुवार. जानेवारीत बंगलोरचा तो फंड, डोशावाला, म्हणाला की आमचा माणूस पुण्यात येतोय, एक शॉप बघायचंय, गुरुवारी जमेल? मी म्हटलं, "हो हो, नक्की." भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे तिथलं शेंबडं पोर सांगेल. मला माहीत होतंच. पण एवढ्या महिन्यांनी कुणीतरी यायला तयार झालंय, त्याला दिवस बदला कसं म्हणायचं? सुपरवायझरला जे विचारलं होतं, "मग बोलला का नाहीत?", ते मला रात्री दोन वाजता आठवलं.

काकांना फोन केला. ते शटर उघडायला आले. आत वीज नाही, देखभालीसाठी बंद. मशीन गार. पाहुणा स्वच्छ पांढऱ्या बुटांत उभा. मी माफीच मागायला लागले होते, तेवढ्यात काकांनी मोबाइलची बॅटरी लावली आणि त्याला हाताला धरून गेटच्या खांबापाशी नेलं. मग आपल्या खास हिंदीत, "साब, पैले सब हिसाब इधर था," म्हणत स्वतःच्या डोक्यावर बोट ठेवलं. २०२२ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली, पंधरा दिवस ते शॉपवर नव्हते. तेवढ्यात तीनशे दहा नगांचा घोळ झाला, कोणाकडे किती हे कुणालाच सांगता येईना, आणि मोठ्या कंपनीने डेबिट नोट फाडली, म्हणजे तेवढे पैसे बिलातून कापले. "मैं हॉस्पिटल में, हिसाब भी हॉस्पिटल में." त्यांचा मुलगा कॅनडात आहे, तो परत येणार नाही. हिसाब कुठेतरी ठेवावा तर लागेल.

मला हे इतक्या महिन्यांत कधी सांगितलं नव्हतं. मी समजत होते ते जीएसटीसाठी पैसे देतात.

पाहुण्याने त्यानंतर प्रॉडक्टबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. फक्त अशी किती शॉप्स आहेत जिथे मालक साठीच्या पुढे आणि मुलगा बाहेर, हे विचारलं. आकडा माझ्याकडे नव्हता आणि यावेळी मी नाही म्हणून सांगितलं.

मार्चमध्ये टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा कागद, आली. दोन कोटी दहा लाख, अडीचपेक्षाही कमी, पण शिफ्ट होण्याची अट गेली. त्याऐवजी महिन्यातले आठ दिवस आमच्यापैकी एकाने बंगलोरला बसायचं, माणसं घेण्यासाठी आणि पुढच्या फेरीसाठी. मला ते पटलंय, आठ दिवस मीच जाते. मग दोन महिने कागद. व्हॅल्युएशन रिपोर्ट, शेअर देऊ करण्याचा पीएएस-४ फॉर्म, वेगळं बँक खातं. पैसे खात्यात आले तरी शेअर वाटून त्याचा पीएएस-३ हा फॉर्म भरल्याशिवाय हात लावता येत नाही, हे मला आमच्या कंपनी सेक्रेटरी बाईंनी महिन्याच्या तीस तारखेला सांगितलं. एक तारखेचे पगार माझी एफडी मोडून केले. खात्यात दोन कोटी आणि मी बँकेत एफडीची पावती घेऊन रांगेत. दहा लाख घालणाऱ्या उद्योजकांना एंजल टॅक्सची, म्हणजे छोट्या कंपनीत आलेल्या गुंतवणुकीवरच्या कराची, धास्ती होती, त्यासाठी सूट मिळवण्याचे फॉर्म, शपथपत्रं, सगळं जमवलं. जुलैच्या बजेटमध्ये तो करच रद्द झाला. त्यांनी मला कात्रण पाठवलं, वर लिहिलं होतं, "थोडं थांबला असतात तर?"

बंद केलेल्या तिघांपैकी दोघं परत आले. तिसरे अजून "बघू" म्हणतायत. पुढच्या आठवड्यात जाऊन येईन. बुधवारी.